खेळात गडी, चहाला परका?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी एक कायदा केला. २० ऑगस्टला विधेयक लोकसभेत मंजूर झाले, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवसांत उरकलेल्या या कायद्याची चर्चा झाली ती मुख्यतः पैशांच्या अंगाने. रमीच्या कंपन्यांचे काय होणार, क्रिकेटपटूंच्या जाहिरातींचे काय होणार, सरकारचा कर किती बुडणार, यावर रकानेच्या रकाने भरले. पण त्याच कायद्यात एक शब्द आहे, ज्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन वर्ग पाडले आहेत. पहिला ई-क्रीडेचा, म्हणजे रीतसर स्पर्धांचा. दुसरा पैसे लावून खेळायच्या खेळांचा, ज्यावर बंदी आली. आणि तिसरा 'ऑनलाइन सामाजिक खेळ'.

'सामाजिक' हा शब्द चळवळीच्या माणसाला सहजासहजी ओलांडून पुढे जाता येत नाही. सामाजिक समता, सामाजिक न्याय, सामाजिक बहिष्कार, या साऱ्या शब्दांमागे आपल्या पिढ्यांचा घाम आणि रक्त आहे. म्हणून आम्ही त्या व्याख्येकडे जरा निरखून पाहिले. व्याख्या सांगते ती एवढेच की, ज्या खेळात पैज लावलेली नाही, जो केवळ करमणुकीसाठी किंवा कौशल्य वाढवण्यासाठी आहे, आणि जो पहिल्या दोन वर्गांत बसत नाही, तो सामाजिक खेळ. एखादा मुलगा खोलीत एकटाच बसून मोबाइलवर कोडे सोडवत असेल, तर कायद्याच्या लेखी तोही सामाजिक खेळच ठरेल! माणूस माणसाला भेटतो की नाही, भेटला तर कोणत्या नात्याने भेटतो, याविषयी कायदा काही बोलत नाही. त्याने शब्द घेतला, अर्थ मोकळा सोडला. तो अर्थ भरण्याचे काम समाजाचे आहे, आणि म्हणूनच ते आपलेही आहे.

पोरगं खरंच एकटं आहे का?

आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांची तक्रार ठरलेली असते. "पोरगं रात्र रात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसतं, कुणात मिसळत नाही, पार एकलकोंडं झालंय." ही तक्रार खोटी नाही. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मोबाइल घेऊन दिला तो अभ्यासासाठी, आणि त्यातून ऐकू येतो बंदुकांचा आवाज. काळजी वाटणारच. पण 'एकलकोंडा' या शब्दापाशी आपण थोडे थांबले पाहिजे.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि मोबाइलवरचे इंटरनेट गरिबाच्या आवाक्यात आले. २०१८ साली पबजी मोबाइल आला. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो, असा तो खेळ. पण तो बहुधा एकट्याने खेळला जात नाही. चौघांचा एक 'स्क्वॉड' असतो. चौघांच्या कानात हेडफोन, तोंडाजवळ माइक. एकाला शत्रू दिसला की तो तिघांना सांगतो. एकाकडे गोळ्या जास्त असतील तर दुसऱ्याला देतो. एक घायाळ होऊन पडला, तर दुसरा जिवावर उदार होऊन त्याच्यापाशी जातो आणि त्याला उठवतो. ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. बाद झालेला गडी साथीदारांच्या कामगिरीने पुन्हा जिवंत होतो, ही कल्पना आपल्या मातीतलीच आहे. फरक इतकाच की इथले चार गडी चार गावांत बसलेले असतात.

सरकारने २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. त्याआधी मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी बंदीचा हुकूम मोडून हा खेळ खेळल्याबद्दल तरुणांना चक्क अटक केली होती. बंद्या आल्या आणि गेल्या. पोरे मात्र प्रत्येक वेळी आपला स्क्वॉड शोधत परत आली. यात निव्वळ बंदुकीचे वेड आहे असे आम्हाला वाटत नाही. त्यांना त्या तिघांची ओढ आहे. आणि टाळेबंदीच्या दिवसांत तर आपण मोठ्या माणसांनीही हेच केले. नवी मुंबईत तयार झालेल्या 'लुडो किंग'वर मुंबईतला भाऊ, नागपूरची बहीण आणि गावाकडची मावशी एका डावाला बसत होती. सोंगटी मारल्यावरून तेव्हा जो गलका व्हायचा, तो काय एकटेपणा होता?

हा खेळ जन्मला कशातून?

या साऱ्याची मुळे पबजीच्या कितीतरी आधीची आहेत. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्याने तो पुढे नेला. त्याचे नाव 'मड'. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता. पडद्यावर फक्त शब्द उमटत. पण एकाच वेळी अनेक माणसे त्या शब्दांच्या जगात शिरू शकत, एकमेकांशी बोलू शकत, मदत करू शकत, भांडू शकत. आजच्या साऱ्या बहुखेळाडू ऑनलाइन खेळांचा हा आजोबा.

बार्टल हे कष्टकरी वर्गातून आलेले. इंग्लंडमध्ये माणसाने तोंड उघडले की उच्चारावरून त्याचा वर्ग ओळखला जातो आणि त्यानुसार त्याची जागा ठरते, हे त्यांनी भोगलेले. त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, जिथे जन्म विचारला जात नाही, जिथे माणूस स्वतःच्या कर्तबगारीवर वर चढतो, असे एक जग त्यांना उभे करायचे होते. म्हणजे बघा, ऑनलाइन खेळाच्या उगमापाशीच जन्मजात उच्चनीचतेचा राग आहे! याच बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काहींना गुण आणि पदव्या मिळवायच्या असतात, काहींना नवे प्रदेश धुंडाळायचे असतात, काहींना दुसऱ्याला हरवण्यातच आनंद असतो, आणि काही येतात ते माणसांसाठी. या चौथ्या प्रकाराला खेळ हे निमित्त असते, खरी ओढ सोबतीची असते.

त्या चौथ्या प्रकारात नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा तरुण मोडतो. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. चालणे गेले, हातही जवळजवळ गेले, चाकाच्या खुर्चीवर आयुष्य गेले. तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात हजारो तास घालवी. आईबापांना वाटे, आपल्या लेकराला मित्र नाहीत, कुणाच्या उपयोगी पडण्याचे सुख नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही वार्ता लिहिली, आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. ज्याला मित्र नाहीत असे घरच्यांना वाटत होते, त्याच्या अंत्यविधीला खेळातले सोबती परदेशांतून आले. एका मुलीचा संगणक तिच्या आईबापांनी काढून घेतला होता, तेव्हा मॅट्सने त्यांना पत्र लिहून समजावले होते. एका आईचे स्वमग्न मुलाशी नाते जुळत नव्हते, तिला त्याच्याबरोबर खेळात उतरण्याचा सल्ला दिला होता. २०२४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला आणि जगाने तो पाहिला.

या हकिकतीतला एक तपशील आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॅट्सने आपला आजार सोबत्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवला होता. खेळातला त्याचा अवतार धिप्पाड, धावणारा. लोक आपल्याला आजाऱ्याच्या चष्म्यातून पाहतील, हे त्याला नको होते. अखेरच्या काळात त्याने खरे सांगितले. सोबती त्याला सोडून गेले नाहीत. त्याची मैत्री खरी होती याची साक्ष त्या दिवशी मिळाली.

बाबासाहेबांची कसोटी

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली पुस्तकरूपाने छापले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी समाज म्हणजे काय याची जी मांडणी केली आहे, ती या विषयाला नेमकी लागू पडते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. शेजारी शेजारी राहिल्याने समाज होत नाही, आणि सारख्या चालीरीती असल्यानेही होत नाही. वेगवेगळ्या जाती एकच सण साजरा करतात, पण आपापल्या अंगणात. त्यातून त्या एक होत नाहीत. समाज होतो तो एकत्र कामात वाटेकरी झाल्याने. कामाचे यश प्रत्येकाला आपले यश वाटले पाहिजे, त्याचे अपयश प्रत्येकाला बोचले पाहिजे. जातीने नेमके हेच होऊ दिलेले नाही.

ही कसोटी घेऊन पुन्हा त्या चार पोरांकडे पाहा. चौघांपैकी एक पडला तर चौघे हळहळतात. एक जिंकला तर चौघे जिंकतात. घटकाभर का होईना, त्यांचे यश आणि अपयश एक असते. उलट, एकाच वर्गात शेजारच्या बाकांवर बसून, एकाच परीक्षेचा अभ्यास करून, पण डबा वेगळा खाणारी मुले या कसोटीला उतरत नाहीत. म्हणून स्क्वॉड हा पोरखेळ आहे असे म्हणून त्याला हसण्यावारी नेणे आम्हाला मान्य नाही. संसदेने जो शब्द मोकळा सोडला, त्यात बाबासाहेबांचा अर्थ भरला तर यातले काही खेळ खरोखर सामाजिक ठरतात.

पण प्रश्न इथे संपत नाही. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

क्रिकेटच्या इतिहासात पळवणकर बाळू हे नाव आपल्याला ठाऊक आहे. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता गोऱ्यांना गोलंदाजी करणारा हा माणूस इतका तयार झाला की, हिंदूंच्या संघालाही त्याच्यावाचून जिंकता येईना. त्यांनी त्याला संघात घेतले. त्याने फेकलेला चेंडू साऱ्यांनी झेलला. पण चहाची सुट्टी झाली की सवर्ण खेळाडू पॅव्हिलियनमध्ये कपातून चहा पीत, आणि बाळूला चहा मिळे तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात! १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्याला कधी मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ साली मिळाले, तेही मोठ्या भांडणानंतर.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, हा इतिहास वाचकांना माहीत आहे. पण त्याने त्या मातीच्या भांड्याचा अपमान कमी होत नाही. त्या भांड्याने आपल्याला एक कायमची कसोटी दिली आहे. मैदानात कोण कोणाबरोबर खेळले, यावरून समाज कळत नाही. चहाच्या सुट्टीत काय होते, यावरून तो कळतो.

टोपणनावामागचे मौन

आता ऑनलाइन खेळाला ही कसोटी लावू. तिथे खेळाडू आपले नाव आपणच ठेवतो. कुणी 'किंग' असतो, कुणी 'शॅडो', कुणी 'घोस्ट'. आडनाव नाही, गाव नाही, दाखला नाही. ज्या देशात माणसाचे आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो, त्या देशात ही केवढी मोकळीक आहे! आपल्या पोरांना या जगाची ओढ का वाटते, याचे एक उत्तर इथेही असेल. तिथे ती आधी खेळाडू असतात, बाकी सारे नंतर.

पण माइक सुरू झाला की समाज आत शिरतो. बोलीवरून गाव ओळखले जाते, गावावरून अंदाज बांधले जातात. डाव हरला की शिव्या सुरू होतात, आणि या देशातल्या शिव्या बहुधा दोन खाणींतून येतात. एक बाईच्या देहाची, दुसरी जातीच्या नावांची. ज्या जातींनी शतकानुशतके या समाजाची घाण उचलली, चामडे कमावले, त्यांची नावे खेळातला भिकार डाव सांगायला वापरली जातात. फेकणाऱ्याला ठाऊकही नसते की, ऐकणाऱ्या तिघांत त्याच जातीचा एक मुलगा गप्प बसला आहे. तो बोलला तर उघडा पडतो. गप्प बसला तर अपमान गिळतो. आणि पुढच्या डावात त्याच शिवी देणाऱ्याला त्याने जिवावर उदार होऊन उठवायचे असते!

'छपरी' हा शब्द घ्या. या खेळांतून आणि रीळांतून तो पोराटोरांच्या तोंडी बसला आहे. रंगवलेले केस, स्वस्त कपडे, झोपडपट्टीतली राहणी, या साऱ्याला मिळून हा शब्द. छपरे घालणाऱ्या, शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाशी या शब्दाचा संबंध सांगितला जातो, आणि छप्परबंद हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. म्हणजे ज्यांनी दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर घातले, त्यांच्या कष्टाची आज शिवी झाली आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. पबजीच्या जोडीला 'फ्री फायर' नावाचा खेळ होता. तो साध्या, कमी किमतीच्या मोबाइलवरही चाले. म्हणून वस्तीतली, खेड्यातली पोरे तो खेळत. त्यावर महागडा मोबाइल असणाऱ्यांनी ठरवून टाकले की, फ्री फायर हा छपऱ्यांचा खेळ! फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने त्याच्यावर बंदी आणली, त्याचा 'मॅक्स' हा भाऊबंद चालू राहिला, आणि हिणवणेही चालू राहिले. खेळ दोन्हीकडे तोच, विमानातून उडी मारण्याचा. पण एकाची उडी प्रतिष्ठित आणि दुसऱ्याची गावंढळ. पाणवठे वेगळे करण्याची या देशाची सवय अशी आहे की, जिथे पाणीच नाही तिथेही ती दोन पाणवठे करते.

मुलींची गोष्ट याहून कठीण. आवाज ऐकताच छेडछाड सुरू होते, म्हणून अनेक मुली माइक बंद ठेवतात किंवा मुलाच्या नावाने खेळतात. आपल्या समाजातल्या मुलीला तर दोन गोष्टी लपवाव्या लागतात. जिथे राहण्यासाठी माणसाला आपली निम्मी ओळख दाराबाहेर काढून ठेवावी लागते, तिथे त्याला जागा मिळाली आहे, पण समता मिळालेली नाही. टोपणनाव ही ढाल आहे, तिचा उपयोग आम्ही नाकारत नाही. मात्र जन्मभर ढालीआड राहून कुणी मैत्री करू शकत नाही. मॅट्स स्टीनलाही अखेर ती खाली ठेवावी लागली. आपल्या मुलाने ती खाली ठेवली तर त्याचे तीन सोबती उरतील का? चहाची सुट्टी म्हणजे हा प्रश्न.

पैशाचा खेळ हा खेळच नव्हे

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे सारेच खेळ एका माळेत ओवले जातात. पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी किंवा पैशांची पैज लावून बनवायचा क्रिकेटचा संघ, यात सोबती कुणी नसतो. समोरचा हरल्याशिवाय आपल्याला काही मिळत नाही आणि शेवटी कंपनी साऱ्यांकडून आपला वाटा घेते. बाबासाहेबांच्या कसोटीवर हा जुगार पहिल्याच फटक्याला नापास होतो. गिरणगावात मटक्याने कामगारांच्या पगाराचे काय केले, हे जुन्या पिढीने पाहिले आहे. हा नवा मटका खिशातच आला, रात्रंदिवस उघडा राहिला आणि नामवंतांच्या तोंडून बोलू लागला. २०२५ च्या कायद्याने असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. लुटणाऱ्याला धरावे आणि लुटला जाणाऱ्याला सोडावे, हे तत्त्व योग्यच आहे.

बिनपैशाच्या खेळातही धोका नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण त्यासाठी त्यांनी लावलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. खेळावरचा ताबा सुटणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, आणि हे सारे साधारण वर्षभर टिकणे. तसे असेल तर डॉक्टरकडे जावे, लाजू नये. पण रोज संध्याकाळी तास-दीड तास मित्रांबरोबर खेळणारा मुलगा आजारी नसतो, आणि त्याला आजारी ठरवून त्याच्या हातचा मोबाइल हिसकावणारा बाप त्याचे तीन मित्रही हिसकावून घेत असतो, हे ध्यानात असावे.

चळवळीने काय करावे?

२० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृह आणि वाचनालय ही तिची कामे आपण नेहमी सांगतो. पण याच सभेने मुंबईत एक 'महार हॉकी क्लब'ही चालवला होता, हे आपण क्वचितच सांगतो. हेतू असा की, तरुणांनी जुगार आणि दारू यांच्या नादी लागू नये. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, पोटाची आणि पाण्याची लढाई चालू असताना, या चळवळीला हे ठाऊक होते की तरुणाला जुगारापासून सोडवायचे तर त्याला नुसता उपदेश देऊन भागत नाही. त्याला खेळ द्यावा लागतो आणि खेळाबरोबर सोबती द्यावे लागतात. त्या क्लबाची काठी आज आपण कुठे टाकून दिली?

आम्ही मोठ्या योजना सुचवत नाही. ज्या वस्तीत अभ्यासिका आहे, वाचनालय आहे, समाजमंदिर आहे, तिथे महिन्यातून एक संध्याकाळ या खेळाडूंसाठी मोकळी ठेवावी. वस्तीतली पोरे त्यांच्या ऑनलाइन सोबत्यांपैकी जे जवळपास राहतात त्यांना तिथे बोलावतील. चौघे समोरासमोर बसून खेळतील, आणि खेळ झाल्यावर एकत्र चहा घेतील. आपली खरी नावे सांगतील. बाहेरच्या जातीचा, बाहेरच्या धर्माचा मुलगा आपल्या वस्तीत येईल, आपल्या आईच्या हातचा चहा पिईल. हजार व्याख्यानांनी होत नाही ते अशा एका कपाने कधी कधी होते. नाही आला तर तेही कळेल, आणि ते वेळेवर कळलेले बरे.

अशा जागी दोन नियम ठामपणे पाळावेत. जातीच्या नावाने किंवा 'छपरी' म्हणून कुणाला हिणवायचे नाही, हा पहिला. तो आपल्या मुलांनाही लागू, कारण एकमेकांना हिणवताना आपलीही पोरे हे शब्द सर्रास वापरतात. मुलींनी आपल्या नावाने, माइक चालू ठेवून खेळायचे, हा दुसरा. जो त्यावर टवाळी करील, त्याने त्या दिवशी बाहेर बसायचे.

कायद्याचाही आधार आहे, पण तो किती याची नीट कल्पना असावी. अ‍ॅट्रॉसिटी कायदा इंटरनेटवरच्या अपमानाला लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. मात्र अपमान जाणूनबुजून, त्या व्यक्तीच्या जातीवरून झालेला असावा लागतो. टोपणनावाआड बसलेल्या अनोळखी मुलाला फेकलेली शिवी या चौकटीत बसवणे अवघड जाते. जिथे ओळख आहे आणि जाणीवपूर्वक छळ आहे, तिथे पडद्याचे चित्र जपून ठेवावे, तक्रार करावी, कार्यकर्त्यांना बरोबर घ्यावे. बाकीच्या ठिकाणी कायद्याहून जास्त उपयोगी पडेल तो चौथ्या सोबत्याने वेळीच उच्चारलेला एक शब्द, "हे बोलायचं नाही." तो शब्द उच्चारणारी मुले तयार करणे, हे चळवळीचे काम आहे.

आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. "किती वेळ खेळतोस?" हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच्यापाशी बसून दुसराही विचारा. "तुझ्याबरोबरचे ते तिघे कोण? ते तुला काय नावाने हाक मारतात? तुझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे का?" पहिल्या प्रश्नाला मुलगा चिडून उत्तर देईल. दुसऱ्या प्रश्नाला तो आधी गप्प होईल. त्या गप्प होण्यात त्याचे अर्धे आयुष्य दडलेले असू शकते, तेव्हा उत्तरासाठी घाई करू नका.

बाळूने चेंडू फेकून साऱ्यांना जिंकून दिले, आणि चहा बाहेर बसून घेतला. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच्या पणतूच्या वयाची पोरे जगभरच्या सोबत्यांसह मैदानात उतरली आहेत, आणि खेळ तर ती उत्तम खेळतात. त्यांच्यासाठी आत, सर्वांबरोबर, त्याच कपात चहा मांडला जातो की नाही हे पाहणे आपल्या हाती आहे.